बोंबलांचा खोका

हे प्रकरण आठवलं, की आजही माझ्या नाकाला सुक्या बोंबलांचा वास येतो. निवृत्तीच्या समारंभातले हार कधीच सुकले, तो वास मात्र गेला नाही.

तेव्हा मी पनवेलच्या पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी उरकून चहा हातात घेतला, तोच एक तरुणी अर्ज घेऊन उभी राहिली. लग्नानंतर दोन महिन्यांत नवरा आखातात नोकरीला गेला, तो गेलाच. आधी फोन उचलेना, मग नंबरच बदलला. तिनं घटस्फोटाचा दावा लावला होता, पण नोटीस बजावायची कुठे? सासरच्या पत्त्यावरून नोटीस दोनदा परत आली होती. शेरा एकच: इसम परदेशी, पत्ता माहीत नाही.

"साहेब, मी ना नांदते, ना सुटते," ती म्हणाली. "मला फक्त त्याचा पत्ता मिळवून द्या. पुढचं माझं मी बघते."

अर्ज चौकशीला घेतला आणि कोळीवाड्यातून सासू-सासऱ्यांना बोलावलं. सासरा ताठ. "पोऱ्या कुठं हाय, आमाला ठाव नाय." सासू पदराशी चाळा करत बसलेली. मी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, पण सासरा हलला नाही.

खबर आणली आमच्या हवालदारानं. तो त्याच वस्तीत राहायचा. "साहेब, आमचा एक शेजारी परवा विमानानं तिकडेच चाललाय. म्हातारी त्याच्याबरोबर लेकाला सुकी मच्छी धाडतेय. खोका बांधून तयार आहे."

पण साध्या अर्जावर कुणाच्या घराची झडती घेता येत नाही. मग मी माझ्यातला नट बाहेर काढला. दोघांना पुन्हा बोलावलं आणि त्यांच्यादेखत हवालदाराला विचारलं, "काय हो, परदेशातल्या लेकाला सुकी मच्छीसुद्धा न पाठवणारी कोळीण कधी पाहिलीत?"

हवालदार कमी नव्हता. "पाठवत असतील साहेब. बाजारातली, वाळूत लोळलेली."

म्हातारी ताडकन उठली. "कोन बोलतं? माजे हातचं बोंबील हायेत, बांबूवर सुकवलेलं! वाळूचा एक कन दाखवा, नाव बदलीन!"

सासरा "बस खाली" म्हणेपर्यंत ती रिक्षात बसली होती.

अर्ध्या तासात सुतळीनं बांधलेला खोका माझ्या टेबलावर आदळला. "घ्या, वास घ्या!" वास अख्ख्या ठाण्यानं घेतला. मी मात्र झाकण वाचत होतो. जाड काळ्या मार्करनं लिहिलेलं लेकाचं नाव, इमारत, खोली, रस्ता, फोन नंबर. मी शांतपणे उतरवून घेतलं. सासऱ्याचा चेहरा खोक्यातल्या मालासारखा झाला.

नोटीस बजावली गेली, दावा चालला आणि मुलगी मोकळी झाली. ठाण्यात पेढे घेऊन आली, तेव्हा तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी नकलांसकट सांगितला. म्हातारीला कसं चिडवलं, कसं फसवलं! मग निवृत्तीनंतर एकदा मच्छीबाजारात तीच म्हातारी पाटीमागे बसलेली दिसली. मालक, म्हणजे तो ताठ सासरा, वारल्याचं तिनंच सांगितलं. मी जरा ओशाळून म्हणालो, "मावशी, तेव्हा तुम्हाला फसवलं, राग धरू नका."

ती खुदकन हसली. "मला फसवलंव? साहेब, बोंबील दाखवाला अख्खा खोका कोन आनतं? पदरात चार बांधून आनलं असतं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पोरीची उमर चालली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तोंडानं पत्ता सांगितला असता, तर मालकानं घरात घेतली असती का मला?"

समोरच्याला बोलतं करणं ही माझी कला, असं मी नोकरीभर समजत होतो. आता मागे वळून पाहतो, तेव्हा वाटतं, कितीतरी जण बोलायचं ठरवूनच ठाण्यात आले असतील. घरी गेल्यावर सांगायला त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं, आणि ते निमित्त म्हणजे मी.

माझ्या पिशवीत बोंबील भरता भरता ती म्हणाली, "पन नाटक तुमी झ्याक केलंव हां, साहेब!"