भीमराजची गाडी वळेना

सरळ रस्त्यावर भीमराज ओव्हाळसारखी मोटरसायकल चालवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाठ ताठ, कोपरं अंगाला चिकटलेली, वेग एकसारखा. पण सरळ रस्ता माणसाला पुरतो कुठवर? कधीतरी मागं फिरायला लागतंच ना! आणि मागं फिरायची वेळ आली की या माणसानं माझा असा जीव खाल्ला आहे म्हणता, की आज एवढ्या वर्षांनी आठवलं तरी माझं डोकं तापतं.

साल शहात्तर. भोसरीला एका फाउंड्रीत मी डिस्पॅचचा कारकून होतो. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, त्याचे मशीनचे भाग करायचे, असा आमचा कारखाना. त्यातले नमुने, ड्रॉइंगं, पत्रं घेऊन तळवडे, चाकण, पार खेडपर्यंतच्या लहानलहान वर्कशॉपांत जायला कंपनीची एक राजदूत होती आणि तिच्यावर नंदकिशोर नावाचा पोरगेलासा मेसेंजर होता. तो दुसऱ्या कंपनीत गेला आणि जागा रिकामी झाली.

भीमराज तेव्हा छत्तिशीचा. बारा वर्षं भट्टीपाशी काढलेली. त्याला खोकला लागला होता, साधासुधा नव्हे. बोलता बोलता मध्येच भिंत धरायला लावणारा. कामगार दवाखान्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं, "या धुळीतून बाहेर पड. दोन वर्षं अशीच काढलीस तर पुढचं मी सांगत नाही." आता फाउंड्रीतल्या माणसानं धुळीतून बाहेर पडायचं म्हणजे नोकरीतून बाहेर पडायचं. एकच वाट होती, ही मेसेंजरची जागा. आमचे पर्सोनेल ऑफिसर हिंदुराव साहेब माणूस चांगला, पण कागदाबाहेर जाणारा नव्हे. ते म्हणाले, "लायसन आणून दाखव, जागा तुझी. दिवाळीपर्यंत थांबतो. नंतर बाहेरचा माणूस घेणार."

भीमराजला सायकलशिवाय काही येत नव्हतं. त्याची बायको सरूबाई एका रविवारी माझ्या चिंचवडच्या घरी आली. दारातच उभी. आत या म्हटलं तरी येईना.

"भाऊ, ते झोपत न्हाईत. भिंतीला टेकून बसून ऱ्हातात रातभर. तुमाला गाडी येती. तेवढी शिकवा त्यांना."

मी म्हणालो, "हात्तिच्या! एवढंच ना? आठ दिवसांत शिकवतो!"

माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

रहाटणीच्या बाजूला तेव्हा मोकळा माळ होता. हिंदुराव साहेबांच्या परवानगीनं रविवारी राजदूत मिळायची. पहिल्याच दिवशी भीमराज किक, क्लच, गिअर सगळं तासाभरात शिकला. मी खूश. म्हटलं, गडी तयारीचा आहे. मग चुन्याच्या दोन रेघा मारल्या, गल्लीएवढ्या अंतरानं, आणि म्हणालो, "आता या दोन रेघांच्या आत वळून माघारी ये." आरटीओला इंग्रजी आठ काढून दाखवावा लागतो, दोन ड्रमांभोवती, पाय न टेकता. ज्याला असं आखूड वळता येतं त्याला आठ येतो. ज्याला येत नाही तो नापास, मग त्याला बाकी काहीही येवो.

भीमराज गेला. रेघेपाशी हँडल वळवलं. गाडी काही वळली नाही, ट्रकसारखी लांबच लांब गोल फिरत बाभळीत शिरली.

"अरे, गाडी झुकव!" मी म्हणालो. "क्लच अर्धा धर, मागचा ब्रेक हलका दाब, मान फिरव, जायचं तिकडं बघ आणि गाडी आत झुकव. तिला झुकवल्याशिवाय ती वळत नाही!"

"व्हय," म्हणाला. आणि पुन्हा तेच! गाडी खांबासारखी ताठ, नजर पुढच्या चाकावर खिळलेली, मान जाग्यावर. फार तर हँडल जास्त वळवायचा आणि जागच्या जागी धाडकन पडायचा. उठायचा, पँट झटकायचा, खोकायचा आणि म्हणायचा, "चुकलं."

चुकलं हे मला दिसत होतं ना! चार रविवार हेच चाललं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. "मान वळव! मान! मानेला काय प्लास्टर घातलंय का?" तो शांतपणे ऐकून घ्यायचा. निदान चिडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

पाचव्या रविवारी मी म्हटलं, माळावर भीती वाटत असेल, जरा रस्त्यावर सोडून बघू. सकाळची वेळ, हायवे मोकळा. "निगडीच्या नाक्यापर्यंत जा आणि वळून ये. आणि एक सांगतो, उतरून गाडी ढकलत वळवायची नाही. बसूनच वळायचं. समजलं?"

"समजलं."

गेला तो गेलाच. अर्धा तास झाला, तास झाला. कंपनीची गाडी, आजारी माणूस! सायकलवर टांग मारून मी निगडीपर्यंत गेलो. पत्ता नाही. दोन तासांनी स्वारी समोरून येताना दिसली, पाठ ताठ, धुळीनं माखलेली.

"कुठं मेला होतास?"

"तळेगाव."

"तळेगाव! कशाला?"

"वळायला जागा घावली न्हाई. उतरायचं न्हाई म्हनाला व्हता तुमी. तळेगावला मोठं मैदान हाय, तिथं फिरवली."

मी कपाळाला हात लावून रस्त्याच्या कडेला बसलो. या माणसाला आता शिव्या तरी कुठल्या द्यायच्या?

आरटीओच्या पहिल्या टेस्टला तो पहिल्याच ड्रमाला पडला. पुढची तारीख दिवाळीच्या आठ दिवस आधीची मिळाली. ती शेवटचीच. सोमवारी हिंदुराव साहेबांनी मला बोलावलं आणि बाहेरच्या माणसासाठी नोटिशीचा मसुदा टाइप करून ठेवा म्हणाले. मी तो केला. आणि करता करता असा संताप आला की कागद तसाच हातात घेऊन मी भट्टीच्या शेडमध्ये शिरलो. म्हटलं, याला तोंडावर दाखवतोच. बघ बाबा, तुझ्या ताठ मानेनं काय होणार आहे ते.

एक कबूल करतो. सात वर्षं मी त्या कंपनीत होतो आणि रस ओतायच्या वेळी शेडमध्ये एकदाही पाय ठेवला नव्हता. कशाला ठेवू? माझं टेबल बाहेर, पंख्याखाली.

आत धूर, धूळ, आणि असा उकाडा की डोळे मिटावेत. वितळलेल्या लोखंडाला तिथं रसच म्हणतात. रसाचं भांडं एका लांब दांड्यात बसवलेलं. एक माणूस पुढं, एक मागं. मागं भीमराज होता. ओततानाचा कल सांभाळायचं काम मागच्याचं. नजर भांड्याच्या काठावर, पापणी न हलवता. पाठ ताठ, कोपरं अंगाला चिकटलेली, मान जाग्यावर. साच्यांच्या रांगेच्या टोकाला दोघं वळले ते केवढं लांबून, सावकाश, अंग कुठंही कलू न देता. माझ्या डोळ्यांसमोर रहाटणीचा माळ आला. अरे, हा माणूस बारा वर्षं रोज आठ तास हेच शिकत होता: झुकायचं नाही, मान फिरवायची नाही, आखूड वळायचं नाही. आणि मी शहाणा रविवारी दोन तास त्याच्यावर ओरडत होतो!

सुट्टीत त्याला गाठलं. "भीमराज, गाडीत रस नाहीये रे. झुकली तर काही सांडत नाही."

त्यानं गळ्यातल्या फडक्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "ठाव हाय, सदाशिवराव. डोक्याला कळतंय. पर गाडी कलली का मला किसन दिसतो."

किसन आमच्या गेटवर कार्ड पंच करून घ्यायला बसायचा. डाव्या पायानं लंगडा. तो जन्मापासूनच तसा असेल अशी माझी समजूत. आठ वर्षांपूर्वी, मी कंपनीत यायच्या आधी, भांड्याच्या पुढच्या टोकाला किसन असायचा आणि मागं भीमराज. एकदा कुणीतरी हाक मारली म्हणून भीमराजनं मान वळवली. भांडं कललं. रस किसनच्या टाचेवर गेला.

"त्याच्या पायाचं मी केलं," भीमराज म्हणाला. आणि खोकायला लागला.

मी तडक गेटवर गेलो. किसनला सगळं सांगितलं. तो असा भडकला की बस्स.

"आठ वर्सं झाली राव! आठ वर्सं रोज ह्यो माज्यासमोर कार्ड ठेवतो आन् वर बघत न्हाई. मला वाटायचं, मला बसून पगार मिळतोय म्हनून जळतोय! मी बी मग बोलनं सोडलं. येडं का खुळं हे?"

"येशील का रविवारी?"

"न येऊन कुनाला सांगतो! त्याच्या आयला!"

रविवारी किसन माळावर आला. त्याला बघून भीमराजनं मान खाली घातली. किसननं ना राम राम केला ना जयभीम. सरळ राजदूतच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

"चल."

"उतर किसन. मी पाडीन तुला."

"एकदा भाजलंस मला, आता पाड. चल म्हन्तो न्हवं!"

भीमराजनं किक मारली. गाडी रेघेपर्यंत गेली. "कलव!" किसन मागून ओरडला. "कलव भिमा, मी हाय!" आणि पहिल्यांदाच, माझ्या या डोळ्यांदेखत, गाडी झुकली. झुकली ती झुकतच गेली आणि दोघंही धप्पकन आडवे झाले. मी पळत गेलो. माझ्या मनात नको ते. किसन मातीत उताणा पडून हसत होता.

"सांडलं का काय? आँ? बघ की लेका, सांडलं का काय? ह्यो बघ पाय, हाय तिथंच हाय!"

भीमराज उठला नाही. गुडघ्यात डोकं घालून बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं, माणसानं एकांतातही रडू नये इतक्या मोठ्यानं. किसन सरकत सरकत त्याच्या शेजारी गेला आणि हसायचा थांबला. माझ्या तोंडाला एवढे रविवार खळ नव्हता, पण तेव्हा मी गाडी उचलायच्या निमित्तानं पाठ फिरवली. मलाही आवरेना.

त्या दिवशी दुपारपर्यंत भीमराज रेघांच्या आत वळायला लागला. सुंदर वगैरे नाही. किसन मागं असला की वळायचा, उतरला की पुन्हा खांब! मी म्हणालो, "आरटीओचा साहेब मागं बसवू देणार आहे का याला?" मग आम्ही युक्ती केली. किसनला वळणाच्या पलीकडं उभा केला. भीमराजनं चाकाकडं न बघता किसनकडं बघायचं. मान आपोआप वळायची आणि मानेमागं गाडी. हेच मी नऊ रविवार सांगत होतो. पण माझ्याकडं बघायचं कारण नव्हतं ना त्याला!

टेस्टच्या दिवशी किसन रजा टाकून आला. ड्रमांच्या पलीकडं कुंपणाला टेकून उभा राहिला. इन्स्पेक्टर त्याला दोनदा म्हणाला, "बाजूला व्हा हो," आणि दोनदा हा बहिऱ्यासारखा तिथंच. भीमराज निघाला. पहिला ड्रम झाला. दुसऱ्याला गाडी डगमगली, पाय टेकतोय की काय असं झालं. त्यानं मान फिरवली, किसनला शोधलं, आणि गाडी कलून माघारी आली. इन्स्पेक्टरनं कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "पुढचा!"

"पास का हो?" मी विचारलं.

"झाला की. कुणी शिकवलं? नजर चांगली आहे."

मी शर्ट नीट करून पुढं होणार, तेवढ्यात भीमराजनं कुंपणाकडं बोट दाखवलं. "त्यो तिथं उभा हाय, त्यानं." माझे एवढे रविवार, माझा घसा, तळेगाव, सगळं पाण्यात! पण खरंच होतं ते. नोटिशीचा मसुदा मात्र ऑफिसात गेल्या गेल्या फाडून टाकला.

भीमराज मेसेंजर झाला त्याला आठवडा झाला असेल. सरूबाई गेटवर आली, मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता आणखी काय पडझड झाली! म्हटलं, "काय झालं? खोकला वाढला का?"

"न्हाई भाऊ. झोपले काल आडवे होऊन." मग इकडंतिकडं बघून, लाजल्यासारखी म्हणाली, "ह्यांचा शर्ट धुतला काल. पानी काळं निघालं न्हाई. मला वाटलं, मीच नीट घासला न्हाई. म्हनून पुन्यांदा घासला."