घंगाळातली घटिका

पडदा वर जातो तेव्हा कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात स्पीकरवर सनई चालू आहे. मंचाच्या डाव्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशा जागी, पाण्यानं भरलेलं घंगाळ, आणि त्याशेजारी पाटावर मांडी घालून बसलेले महिपतराव. कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. नवरदेव ते नव्हेत, पण आजचा प्रयोग त्यांच्याच इशाऱ्यावर सुरू व्हायचा आहे.

घंगाळात तांब्याची वाटी तरंगते आहे. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाण्याची बारीक तार वर उडते, वाटी भरत जाते आणि शेवटी डुबकन बुडते. तेवढा वेळ म्हणजे एक घटिका, आपली चोवीस मिनिटं. घटिकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. विपळ केवढं? “‘सा’ म्हणा. झालं,” असं महिपतराव सांगतात.

बुधवार पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. अंदाजे किती वाजले म्हणून कुणी विचारलं, तर “अंदाज शेजारच्या दुकानात मिळेल,” हे उत्तर ठरलेलं. वडिलांकडून आलेली ही वाटी मात्र ते ओळखीच्यांच्या लग्नात हौसेनं मांडतात. वाटी बुडाली की मुहूर्त, मग गुरुजी कुणासाठी थांबत नाहीत.

“अहो, मोबाईलवर सेकंदासकट दिसतं,” नवऱ्या मुलाचे काका संभाजीराव म्हणाले. “हे पातेलं कशाला?”

“तुमचा मोबाईल पाण्यात सोडून बघा, आणि मग वेळ सांगा.”

तेवढ्यात नवरी आली. अवनी महिपतरावांच्या शेजारघरातली, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली. वडील ती लहान असतानाच गेले. इंद्रजीतमामानं तिला शाळेत सोडलं, सायकल शिकवली, आजारपणं काढली. आज तोच तिला हात धरून मंडपात आणणार होता. पण सकाळी खराडीच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं, आणि “तासाभरात येतो,” म्हणून गेलेला मामा आता ट्रॅफिकमध्ये अडकला होता. गुरुजींनी चुलतमामाला तयार राहायला सांगितलं होतं.

“आजोबा, ही जरा हळू नाही का भरणार?”

“बाळ, माझं घड्याळ ऐकतं. ही ऐकत नाही.”

ती आत गेली. महिपतरावांना पहिल्यांदाच त्या वाटीचा राग आला.

वाटी गळ्यापर्यंत भरली, तशा नवऱ्याच्या आजी गोदाबाई ओणव्या होऊन बघायला आल्या. त्यांच्या मुठीतल्या गुलाबाच्या पाकळ्या घंगाळात पडल्या. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. महिपतरावांनी पाकळ्या भराभर वेचल्या. एक तेवढी वाटीखाली गेली, ओढली जाऊन भोकाला चिकटली, आणि पाण्याची तार थांबली.

पाण्यात हात घालून बोटानं ती बाजूला सारायची, बस. एरवी त्यांनी पापणी लवायच्या आत सारली असती.

महिपतरावांनी चष्मा काढला. उपरण्यानं एक काच पुसली. फुंकर घातली. दुसरी काच पुसली. मग पहिली पुन्हा.

“झालं का हो?” गुरुजींनी विचारलं.

“भरते आहे.”

मंचावर चुळबुळ सुरू झाली. चुलतमामा धोतर सावरून उठून उभे राहिले. महिपतराव तिसऱ्यांदा फुंकर घालत होते, तोच दारात स्कूटर थांबली. हेल्मेट काखेत, शर्ट घामानं चिकटलेला, असा इंद्रजीत धावत आला आणि सरळ अवनीच्या खोलीत शिरला.

महिपतरावांनी चष्मा चढवला, पाण्यात बोट घातलं. तार पुन्हा उडाली. आतून मामाचा हात धरून अवनी बाहेर आली, अंतरपाट धरला गेला, आणि वाटी डुबकन तळाला गेली. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

जेवणाच्या पंगतीत संभाजीरावांनी मनगट पुढे केलं. “महिपतराव, तुमची घटिका आज चांगली लांबली. माझ्या घड्याळात मुहूर्त केव्हाच टळला होता.”

महिपतरावांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि त्या मनगटाकडे मन लावून पाहिलं.

“घड्याळ पुढे आहे तुमचं. उद्या दुकानात आणून द्या.”