विझवलेल्या शेकोट्या

साथींनो, गंजाडच्या लखमाकाकांचं मनगट कोणी मोडलं, असं तुम्ही समजता?

चिकूवाडीच्या चौकीदाराने— होय ना? तसं मीच पत्रकात छापलं होतं. तीन वर्षं तुम्ही ते खरं मानलंत. खरं काय ते मी कुणालाही, अगदी आईलासुद्धा, सांगितलेलं नाही.

२०१६चा डिसेंबर. वनजमिनीच्या दाव्यांसाठी आपला मोर्चा डहाणूला निघाला होता. मुक्काम एका चिकूवाडीच्या कुंपणालगत, कापलेल्या भातशेतात. लोकांनी शेकोट्या पेटवल्या आणि मी त्या लाथेने विझवल्या— ठिणगी वाडीत उडाली तर केस आपल्यावर येईल म्हणून. शिस्त म्हणजे शिस्त! माझ्या अंगात स्वेटर होता. हे तेव्हा ध्यानात आलं नाही, असं म्हणू? आलं होतं.

पहाटेकडे दव उतरलं, अंथरलेला पेंढा भिजला. मी बॅटरी घेऊन फिरत होतो, तर माझ्या पत्रकांचा गठ्ठा सुटलेला. सकाळी कचेरीसमोर वाटायची पत्रकं— माणसांनी ती चुरगळून सदऱ्यात, लुगड्यात, पोरांच्या पोटावर कोंबली होती. कागदातून वारा शिरत नाही. सगळ्यांत जास्त लखमाकाकांच्या अंगावर. म्हातारा पिसं फुगवलेल्या कोंबड्यासारखा बसला होता.

"भाऊ, वाचता नाय येत," ते म्हणाले, "पण ऊब चांगली लागते."

शेजारची म्हातारी म्हणाली, "लखमा, पोटावर भाषण बांधलंस, आता सभेत तूच बोल रे!"

सगळे हसले. मला हसले— असं मला वाटलं.

मी काकांना हळूच बाजूला बोलावलं, कुंपणाला झेंडे टेकवून ठेवले होते तिथे. बॅटरी विझवली. एका झेंड्याची काठी उचलली आणि मारली. पहिला फटका त्यांनी हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला— तरी दुसरा मारला. रागाने? राग पहिल्या फटक्यातच उतरला होता. दुसरा मारला, कारण मारताना बरं वाटलं.

किंकाळी ऐकून वाडीचा चौकीदार कुंपणातून बाहेर आला. हातात घमेलं, घमेल्यात निखारे. स्वतःच्या शेकोटीतले, आमच्या कुडकुडणाऱ्या माणसांसाठी. तेवढ्यात आपले लोक धावत आले. मी त्याच्याकडे बोट केलं— "यानेच मारलं!"

एवढंच. पुढचं लोकांनी केलं, असं मी किती वर्षं स्वतःला सांगितलं! त्याच घमेल्याने त्याच्या डाव्या कानावर मारलं. सांडलेल्या निखाऱ्यांवर त्याला लोळवलं. कातडी जळल्याचा वास आला. "मी नाय, मी नाय," तो ओरडत होता— आपल्याच लोकांपैकी, आपल्याच बोलीत. मी थांबवू शकलो असतो. मी घोषणा दिली.

आणि काका? ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या जमिनीच्या दाव्याचे कागद माझ्या पिशवीत होते, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही. "अंधारात दिसला नाय," ते म्हणाले. त्या तीन शब्दांवर मी नवं पत्रक लिहिलं— मालकाने पोसलेला गुंड, आदिवासीच आदिवासीचा वैरी. चौकीदाराचं काम गेलं. डावा कान गेला. काकांचं मनगट वाकडंच जुळलं. आणि मी? माझ्या त्या पत्रकाचं तुम्ही कौतुक केलंत, मी ते घेतलं.

रविवारी तलासरीला सभा आहे. काका आणि चौकीदार, दोघांनाही मी निरोप धाडला आहे, कारण न सांगता. तिथे हे वाचणार आहे. पण मी स्वतःला ओळखतो. त्या दुसऱ्या फटक्यापाशी माझा आवाज बसला, तर कागद माझ्या हातातून हिसकून घ्या आणि उरलेलं तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा— चौकीदाराला एकाच कानाने ऐकू येतं.