चिकाच्या पडद्याआड

बाळांनो, तुम्ही गाणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लावता असे कळले, म्हणून एका बाईंविषयी लिहिते. नाव लिहीत नाही.

त्या अक्कलकोटकडच्या. सोलापुरात घरोघरी ग्रामोफोनवर त्यांच्या तबकड्या वाजत, पण चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता. लहानपणी देवी येऊन गेल्याचे व्रण त्यावर दाट होते. आमच्याकडे आल्या की त्या खिडकीकडे पाठ करून बसत आणि पदराआड चहा पीत.

एकदा महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी त्यांचे गाणे ठेवले आणि बैठकीपुढे बांबूच्या बारीक कामट्यांचा, चिकाचा पडदा बांधून घेतला.

"हा कुणासाठी वो बाई?" त्यांनी विचारले.

"तुमच्याच सोयीसाठी," मी म्हणाले.

त्या गायल्या आणि बायका डोळे पुसू लागल्या. "गळा असा, तर रूप कसं असेल!" पुढची एक मोठ्याने म्हणाली. तशी त्यांनी स्वतःच पडदा गुंडाळून वर केला. त्याच बाईने आपल्या मुलीचे डोळे झाकले.

नंतर मी प्रत्येकीच्या कपाळाला बोटाने कुंकू लावत गेले. त्यांच्यापुढे मात्र हात थांबला आणि मी नुसता करंडा पुढे केला. त्यांनी आरशाशिवाय कुंकू लावून घेतले, अगदी मधोमध.

"गळ्याला लावायचं असतं तर लावला असता हात, न्हाय का वो?" त्या हळूच म्हणाल्या.

त्या पुन्हा आमच्या घरी आल्या नाहीत.