सुतळीची कंबर

ईट गावच्या महिला सोसायटीत चिंध्यांच्या बाहुल्या शिवाव्यात तर मालनबाईनंच. तिच्या बाहुल्या कमरेत ऐसपैस, मांडी घालून बसणाऱ्या. पोरी त्यांना कडेवर घेऊन दिवसभर हिंडत. दुष्काळानं शेतं ओस पडली तेव्हा या बाहुल्यांवरच तिच्या घरची चूल पेटत होती.

अशात सोसायटीच्या चेअरमन कमलबाई पुण्याहून प्लॅस्टिकची एक बाहुली घेऊन आल्या. लांबसडक पायांची, सोनेरी केसांची, कंबर बोटाएवढी.

"शहरात आता असलीच खपती, मालन. अशी शिव."

मालनबाईनं ती उलटीपालटी करून पाहिली. "बाई, हिचं आतडं कुठं बसवू?"

"आतडं कोण विचारतंय तुला? नऊवारी नेसव, नाकात नथ घाल. आपली देशी फॅशन बाहुली!"

बोलायला काय जातं! तेवढ्या अरुंद कापडात कापूस शिरेना, शिरला तर कंबर लुळी पडे. मालनबाईनं बाहुलीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि शेवटी स्वतःच युक्ती काढली. बाहुली नेहमीसारखी भरायची, मग कमरेला सुतळीचे वेढे देऊन करकचून आवळायची, वरून लुगडं नेसवायचं. बाहुलीला आता बसता येईना, पण ती शहरातल्या बाहुलीसारखी दिसायला लागली. शहरातून मागणी आली, मालनबाईचं नाव झालं. सुतळी ओढायला तिची थोरली पोरगी वैजयंता बसायची. "अजून आवळ," आई म्हणे, आणि पोरगी आवळे.

वैजयंता आईच्याच बांध्याची. रोजगार हमीच्या कामावर मातीची भरली पाटी ती सहज डोक्यावर घ्यायची. एका दुपारी तीच पाटीसकट कोसळली. शेजारी माती उपसणाऱ्या धुरपदाबाईनं तिला बाभळीच्या सावलीला ओढलं आणि धावत आलेल्या मालनबाईवरच ती उखडली, "बाहुल्या इकतीस अन् पोरीला उपाशी ठिवतीस व्हय गं?"

मालनबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वतः पाणी पिऊन झोपत ती पोरीच्या ताटात भाकरी वाढत होती. तिनं पोरीच्या परकराची नाडी सैल करायला हात घातला आणि हात तिथंच थांबला. आत सुतळीचे वेढे होते. खालची कातडी सोलवटून निघाली होती.

घरी आल्यावर तिनं सुतळी विळ्यानं कापली. "तुझी भाकर जाती कुठं?"

"शेळीला घालते."

"लोकास्नी खायला दाणा न्हाय, अन् तू शेळीला घालतीस, भवाने?"

"तूच म्हनतीस की, अजून आवळ, अजून आवळ."

"ती चिंध्यांची हाय!"

"पर समद्यांना तीच आवडती."

मालनबाईनं कापलेली सुतळी रागानं चुलीत भिरकावली.

दुसऱ्या दिवशी कमलबाई नवी मागणी घेऊन आल्या. मालनबाई म्हणाली, "बसणारी शिवीन. आवळलेली न्हाय."

"मग दुसऱ्या बायका शिवतील. युक्ती आता काय तुझ्या एकटीची राहिली नाही."

खरंच होतं ते. सोसायटीतल्या साऱ्या बायकांनी ती कधीच उचलली होती. "शिवू द्या," मालनबाई करवादली. "शिकवली तर म्याच."

कमलबाई गेल्या. मालनबाई ताट घेऊन पोरीसमोर बसली आणि हलेना. वैजयंतानं नाइलाजानं तुकडा मोडला, तोही पोट खपाटीला ओढून धरूनच.

"चावताना तरी सोड की त्येला! ठसका लागून मरशील."

पोरीला हसू फुटलं. हसताना पोट सुटलं, आणि लगेच तिनं ते परत आत ओढून घेतलं. मालनबाईनं कपाळावर हात मारला आणि दुसरी भाकरी तिच्या ताटात आदळली.