देवघरावरचे ब्लॉक

मानवत गावातल्या आमच्या घरावर माडी चढवायची ठरली, तेव्हापासून एक मिस्तरी रोज आमच्याकडे यायचे. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. सिमेंटच्या तुळया टाकून त्यांच्यामधे पोकळ ब्लॉक बसवायचे होते. मातीच्या भरीव धाब्याच्या घरात जन्म गेलेल्या आईला ते मुळीच पटेना. "पोकळ वस्तूखाली मी झोपणार न्हाई," म्हणत तिनं आपली खाट अंगणात काढली.

मिस्तरी ब्लॉक निवडायचे ते कानानं. थापीच्या मुठीनं ठोकायचे आणि म्हणायचे, "बोल की." खणखणीत वाजला तर मान डोलवायचे. बद्द वाजला तर "ह्याला पडसं झालंय" म्हणून कुंपणासाठी बाजूला ठेवायचे. मी घाई केली, की माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच बद्द वाजलो.

त्यातल्या सगळ्यात खणखणीत बारा ब्लॉकांना त्यांनी चुन्याचं बोट लावून ठेवलं. आई खूश झाली.

"हे देवघरावर बसवायलात ना, मिस्तरी?"

"न्हाई मावशी. तुमच्या खाटंच्या आतल्या जुन्या जाग्यावर."

"आन् देव?"

"देव पितळंचे हायेत. काई पडलंच, तर पुसून पुन्ना बसवता येत्यात."

देवाधर्माच्या बाबतीत आई भारी कडक. पण ती उठून मिस्तरींसाठी चहा ठेवायला गेली.

माडी पुरी झाली त्या दिवशी तिनं खाट स्वतः ओढत आत आणली, बरोबर त्या बारा ब्लॉकांखाली ठेवली आणि उताणी पडून वर बघत म्हणाली, "बोल की."