राठोड मॅडम आणि याडीची मुळी

राठोड मॅडम परीक्षानळ्यांना रंगीत दोरे बांधायच्या. लाल, पिवळे, हिरवे. तांड्यावरच्या बंजारा बायका कांचळीवर, म्हणजे चोळीवर, ज्यांनी भरतकाम करतात तेच. कुठल्या रंगाच्या नळीत औषध आणि कुठल्या नळीत नुसतं पाणी, हे फक्त त्यांनाच ठाऊक. मला सांगितलं तर काम लवकर होईल, असं मी पहिल्याच दिवशी सुचवून पाहिलं. त्या हसल्या. "तुले सांगतलं का तुहे डोये औषधाची बाजू घेतेत, पोरी. डोये मोठे लबाड असतेत."

मॅडम आमच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. उमरखेडकडच्या तांड्यावरून निघून परदेशात शिकून आलेल्या. औषधसंशोधनाचा गट त्यांनीच उभा केला. ध्यास एकच: घोणशीचं विष अडवणारी गोळी. कपाशीत साप चावलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं त्याला तगवावं. परिषदांमध्ये त्या अस्खलित इंग्रजी झाडायच्या, पण लॅबमध्ये वऱ्हाडीच. मी बाभुळगावची, माझीही बोली तीच, म्हणून मला फार बरं वाटायचं. घाई केली की मात्र ऐकून घ्यावं लागे. "काहून धावून राह्यली? विषाले का बस पकडाची हाय?"

त्यांच्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आईच. मॅडम लहान असताना त्यांच्या भावाला साप चावला. याडीनं एक मुळी उगाळून पाजली आणि भाऊ वाचला. तेव्हापासून आसपासचे लोक साप चावला की याडीचं दार गाठायचे, आणि मॅडम रसायनशास्त्राकडे वळल्या त्याही या मुळीपायी. "गोळीत याडीची मुळी निघाली पायजे," असं म्हणताना त्या चक्क लाजायच्या.

मुळी तपासायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोऱ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "या टायमाले दोरे तू बांध. माहे डोये याडीची बाजू घेतीन." अंड्याच्या बलकाचं गढूळ पाणी घ्यायचं आणि त्यात औषधासोबत विष सोडायचं. विष बलक फोडतं आणि पाणी निवळतं. औषध खरं असेल तर पाणी गढूळच राहतं. मुळीच्या सगळ्या नळ्या निवळल्या. पुढे कितीतरी महिने आम्ही दुसऱ्या पद्धतींनीही तपासलं. निकाल तोच. भावाला चावलेला साप बिनविषारी असावा, नाहीतर त्यानं विष सोडलंच नसावं.

"मॅडम, याडीला कशाला सांगता? तिचं मन मोडेल," मी म्हटलं.

"मोडन, मले मालूम हाय. पण लोक मुळी पिऊन घरी बसतेत. तो टाइम दवाखान्याचा असते."

आम्ही तांड्यावर गेलो. मॅडमनी अंगणातच, लोकांसमोर सांगितलं. घरात सांगितलं असतं तर ते घरातच राहिलं असतं. याडीनं माझ्याकडे वळून विचारलं, "मंग माह्या हातानं मुळी पिऊन जे गेले, ते?"

मॅडमनी तिचा हात धरला. "तवा आपल्यापाशी दुसरं काय होतं, याडी?"

याडीनं हात सोडवून घेतला. लेकीला जेवायलासुद्धा म्हटलं नाही. परतताना मॅडम गाडीत रडल्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत याडीचा फोन आला. मॅडमच्या हातात मोजे होते म्हणून मीच तो त्यांच्या कानाशी धरला. याडीचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "शेजारच्या सुनेले साप डसला. मुळी मांगत होते, नाही देल्ली. मीच गाडीवर बसवून दवाखान्यात धाडलं. वाचली पोरगी."

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांचा गट मी चालवते. काम मी त्यांच्याकडून शिकलेच. पण नकोसं उत्तर आलं तर ते स्वतः जाऊन, ज्यांचं आहे त्यांना सांगायचं, हेही त्यांनीच शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गोळी अजून निघालेली नाही. याडी अधूनमधून मला फोन करते. "निघालं का वं औषध?"

"अजून नाही, याडी."

"बरं," ती म्हणते. "तवरिक मी लोकायले उमरखेडले दवाखान्यात धाडत राह्यतो."